इंजिनाचा श्वास किती मोकळा करता येतो?

नववीच्या वर्गात हवेच्या दाबाचा पाठ चालू होता. मागच्या बाकावरून एक हात वर आला. "सर, एक विचारू? पण धड्यातलं नाहीये." असे प्रश्न बहुधा धड्यातल्या प्रश्नांपेक्षा चांगले निघतात, म्हणून म्हटले, विचार.

"आमच्या दादानं जुनी पिकअप घेतलीय, भाजीच्या फेऱ्या मारायला. गॅरेजवाला म्हणतो, एअर फिल्टर काढून मोठा बसवू, सायलेन्सर मोकळा करू. गाडी जास्त ओढेल, ॲव्हरेजही वाढेल. पंधरा हजार सांगतोय. खरंच वाढतं का सर?"

निम्मा वर्ग हसला, पण उरलेला निम्मा उत्तराची वाट पाहत होता. गाडीचे हप्ते चालू असलेल्या घरात पंधरा हजार ही काही लहान रक्कम नव्हे. 'हो' किंवा 'नाही' म्हणून प्रश्न मिटवता आला असता. पण या एका प्रश्नात दाब, वायूंचे नियम, प्रवाहाला होणारा रोध, कार्य आणि शक्ती, ध्वनी अशी कितीतरी प्रकरणे दडलेली आहेत. शिवाय त्याचे उत्तर बऱ्याच अंशी फळ्यावर आकडेमोड करून काढता येते. पुढचे दोन तास आम्ही तेच केले. त्याचीच ही हकिगत.

एका मिनिटात किती हवा?

आपल्याकडच्या अनेक पिकअप गाड्यांना साधारण अडीच लिटर क्षमतेचे, चार सिलिंडरचे डिझेल इंजिन असते. अडीच लिटर याचा अर्थ असा, की चारही दट्टे वरून खाली येताना एकूण अडीच लिटर जागा मोकळी करतात. चार आघातांच्या इंजिनात ही जागा दर दोन फेऱ्यांत एकदा हवेने भरते. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर ते मिनिटाला १५०० वेळा श्वास घेते. १५०० × २.५ = ३७५० लिटर.

स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा घेतो आणि मिनिटाला सुमारे पंधरा श्वास घेतो. म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर. ३७५० ला ७.५ ने भागा. एक पिकअप घाट चढताना पाचशे माणसांइतकी हवा ओढते! टर्बो असेल तर याहून बरीच जास्त.

एवढी हवा कशासाठी लागते? एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८४० ग्रॅम, तर एक घनमीटर हवेचे वजन सव्वा किलोच्या आतबाहेर. हिशेब केला तर एक लिटर डिझेल जाळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते असे दिसते. आपण पंपावर पैसे मोजतो ते डिझेलचे. हवा फुकट मिळते, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही इतकेच.

तेव्हा गॅरेजवाल्याच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. इंजिन हा एक हवेचा पंप आहे. हवा कमी मिळाली तर इंधन नीट जळणार नाही. प्रश्न एवढाच, की आज हवा कमी मिळते का, आणि कमी मिळत असेल तर ती नेमकी कुठे अडते?

अडथळ्यांची साखळी

हवेचा रस्ता फळ्यावर काढून पाहू. बॉनेटच्या पुढच्या बाजूला हवा आत घेणारे तोंड, मग फिल्टरची पेटी, रबरी नळी, टर्बो असल्यास त्याचा पंखा, हवा थंड करणारा इंटरकूलर, चार फाट्यांची नळी, झडप आणि मग सिलिंडर. बाहेर पडतानाही तसेच: झडप, चार फाटे एकत्र करणारी नळी, टर्बोचे चक्र, धूर स्वच्छ करणारी भांडी, सायलेन्सर आणि शेपटीची नळी. यातला प्रत्येक भाग हवेला थोडा थोडा अडवतो. हे सारे अडथळे एकामागोमाग एक, म्हणजे विजेच्या भाषेत एकसर जोडणीत आहेत.

एकसर जोडणीतील एक रोध कमी केला तर काय होते, हे मुलांना विजेच्या पाठात सांगितलेले असते. पण हाताने अनुभवलेले नसते. त्यासाठी हा प्रयोग करा.

एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या आणि तिचा तळ कापून टाका. झाकणाला भोक पाडून त्यात बॉलपेनची बाहेरची नळी बसवा व भोवती मेण लावून घट्ट करा. पेनच्या नळीच्या खालच्या टोकात, टोकदार भाग काढून टाकलेल्या रिकाम्या रिफिलचा पाच सेंटिमीटरचा तुकडा मेणाने बसवा. बाटली उलटी धरून पाणी भरा. दोन खुणांच्या मधले पाणी गळून जायला किती सेकंद लागतात ते मोजा. आता पेनच्या जागी तेवढ्याच लांबीची जाड नळी लावा, रिफिल तीच ठेवा. वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. मग पुन्हा पेनची नळी लावा आणि रिफिलच्या जागी तेवढ्याच लांबीची जाड स्ट्रॉ बसवा. वेळ एकदम कमी होतो.

जिथे खरी अडचण आहे तिथली वाट रुंद केली तरच उपयोग. जिथे अडचण नव्हतीच, तिथली वाट कितीही रुंद केली तरी फरक पडत नाही. कोणत्याही सुधारणेतून जास्तीत जास्त मिळते ते त्या भागाने आजवर अडवून ठेवलेले तेवढेच. हे एक वाक्य मुलांच्या वहीत लिहून द्यावे.

फिल्टर किती अडवतो?

हवेच्या दाबातील लहान फरक मोजण्यासाठी पाण्याने अर्धी भरलेली इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची पारदर्शक नळी पुरते. सलाईनच्या नवीन नळीचीही ती करता येते. तिचे एक टोक मोकळे ठेवायचे आणि दुसरे ज्या जागेचा दाब मोजायचा तिथे जोडायचे. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत किती सेंटिमीटरचा फरक पडतो, तोच दाबातला फरक. गाड्यांच्या कार्यशाळांतही फिल्टरचा अडथळा पाण्याच्या उंचीतच सांगण्याची रीत आहे. काही मोठ्या डिझेल वाहनांच्या फिल्टरच्या पेटीवर एक लहान दर्शक असतो. फिल्टर फार तुंबला की त्यात लाल खूण दिसते. ही मर्यादा बहुधा ६० सेंटिमीटरच्या आसपास ठेवलेली असते. (ही नळी चालू इंजिनाला जोडण्याचा प्रयोग शाळेत करू नये. इंजिन पाणी ओढून घेईल.)

आता समजा, आपल्या पिकअपचा स्वच्छ फिल्टर पूर्ण वेगात २० सेंटिमीटर पाण्याइतका दाब अडवतो. वातावरणाचा एकूण दाब सुमारे १०३३ सेंटिमीटर, म्हणजे १०.३ मीटर पाण्याइतका. वीसला १०३३ ने भागले की उत्तर येते दोन टक्क्यांच्या आत. फिल्टर पार काढून फेकला तरी हवा दोन टक्क्यांनीच वाढेल. नवा, भारीचा फिल्टर बसवला तर त्याहूनही कमी, कारण तोही काहीतरी अडवणारच.

शिवाय हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. इंजिनाचा वेग निम्मा केला की अडथळा साधारण पाव होतो. म्हणजे १५०० फेऱ्यांना तो पाच सेंटिमीटर, अर्धा टक्का. गाडीचा बराचसा काळ याच वेगात जातो.

तुलनेसाठी दुसरा आकडा घेऊ. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब सपाटीपेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी असतो. घाट चढून वर गेल्यावर निसर्ग जेवढा श्वास काढून घेतो, त्याच्या जवळपासही फिल्टर पोचत नाही.

थंड हवा आणि गरम हवा

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, पिकअपच्या मालकांना 'थंड हवेची नळी' म्हणून एक संच विकला जातो. मूळची पेटी काढून मोठ्या नळीच्या टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावायचा. आपल्याकडेही तो मिळतो. यामागचे तत्त्व अगदी बरोबर आहे. चार्ल्सच्या नियमाप्रमाणे दाब तोच असता हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. बाहेरची हवा ३० अंश, म्हणजे ३०३ केल्विन. बॉनेटखालची हवा समजा ६० अंश, म्हणजे ३३३ केल्विन. ३०३ भागिले ३३३ म्हणजे ०.९१. गरम हवेत प्राणवायू नऊ टक्के कमी.

आता मुलांना विचारा, की मूळच्या पेटीचे तोंड कुठे उघडते? गाडीजवळ नेऊन दाखवले तर उत्तमच. बहुतेक गाड्यांत ते पुढच्या जाळीमागे किंवा चाकावरच्या पत्र्याच्या पोकळीत, म्हणजे बाहेरच्या थंड हवेत उघडते. कारखान्यातल्या अभियंत्यांनाही चार्ल्सचा नियम ठाऊक असतोच! ती बंद पेटी काढून उघडा फिल्टर बॉनेटखाली टांगला, तर अडथळ्यातला एखादा टक्का वाचतो आणि उष्णतेत त्याहून जास्त जातो. नफा सोडाच, पदरचे जाते.

आणि ते तोंड थंड हवेसाठी फार खाली नेले, तर पावसाळ्यात दुसरे संकट ओढवते. पाण्याने भरलेल्या रस्त्यावर ते पाणी ओढते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा दट्ट्या पाण्यावर आदळतो आणि त्याचा दांडा वाकतो. खरेच पाणवठ्यातून जाणाऱ्या गाड्यांत हवेची नळी छतापर्यंत वर नेतात ती याच कारणाने, शक्ती वाढावी म्हणून नव्हे.

डिझेलची गोष्ट वेगळी

इथे एक मुलगी म्हणाली, "सर, दोन टक्के तर दोन टक्के. तेवढी शक्ती वाढेलच ना?" प्रश्न रास्त आहे. उत्तर इंजिनाच्या जातीवर अवलंबून आहे.

पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर हवेची वाट उघडतो आणि त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल सोडले जाते. पाय अर्धाच दाबलेला असताना सगळ्यात मोठा अडथळा चालक स्वतःच घालत असतो, वाटेतल्या झापेचा. त्यापुढे फिल्टरचा अडथळा किरकोळ ठरतो. पाय पूर्ण दाबल्यावर मात्र झाप उघडी असते आणि तेव्हा फिल्टरचा फरक दिसू शकतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून चाचण्या घेतल्या. संगणकावर चालणाऱ्या आधुनिक पेट्रोल गाड्यांच्या इंधनाच्या खर्चात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. वेग पकडण्याची क्षमता तेवढी कमी झाली. तुंबलेल्या फिल्टरने जिथे ॲव्हरेज पडत नाही, तिथे स्वच्छ फिल्टरच्या जागी भारी फिल्टर लावून ते वाढेल कसे?

डिझेल इंजिनात ॲक्सिलरेटर डिझेलचे प्रमाण ठरवतो. हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त घेतली जाते. मंद चालणाऱ्या इंजिनात तर ती कितीतरी पट जास्त असते. म्हणजे पंगतीत पाने वाढलेली आहेत तेवढीच आहेत, पाण्याचे तांबे मात्र आधीच भरपूर. आणखी दोन तांबे ठेवले म्हणून जेवण वाढत नाही. डिझेल तेवढेच ठेवून हवा दोन टक्के वाढवली, तर शक्तीत म्हणावा असा फरक पडत नाही.

म्हणूनच काही ठिकाणी पुढचे पाऊल टाकले जाते. पंपाचे किंवा संगणकाचे सेटिंग बदलून डिझेल वाढवतात. त्याने शक्ती खरोखर वाढते. पण त्याबरोबर काळा धूर वाढतो, बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान वाढते आणि दट्टे, टर्बो, क्लच, गिअर यांच्यावर ते ज्यासाठी घडवलेले नाहीत असा ताण येतो.

आता सायलेन्सर

सिलिंडरमधून बाहेर पडणारा वायू फार तापलेला असतो. तो ५०० अंश, म्हणजे ७७३ केल्विन धरला, तर ३०३ केल्विनला आत गेलेल्या ३७५० लिटर हवेचे बाहेर पडताना सुमारे साडेनऊ हजार लिटर होतात. एवढा वायू बाहेर ढकलायचा तर दट्ट्याला कार्य करावे लागते. ते किती? हे गणित दहावीच्या मुलांनाही जमते.

समजा सायलेन्सर आणि नळ्या मिळून १० किलोपास्कलचा, म्हणजे साधारण एक मीटर पाण्याइतका उलटा दाब निर्माण करतात. कार्य म्हणजे दाब गुणिले घनफळ. १०,००० पास्कल × ०.००२५ घनमीटर = २५ ज्यूल. हे सेकंदाला २५ वेळा घडते. २५ × २५ = ६२५ वॉट. अश्वशक्तीत सांगायचे तर एकाहूनही कमी. पिकअपचे इंजिन सत्तर अश्वशक्तीचे धरले, तर सगळा उलटा दाब शून्यावर आणूनही थेट वाचते ती सव्वा टक्का. टर्बो असेल तर त्याचे चक्र जरा हलके फिरते म्हणून फायदा थोडा जास्त होतो, इतकेच.

या ६२५ वॉटची किंमत दुसऱ्या मापाने पाहू. शंभर मीटर जाताना पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने दीडशे किलो वजन वर न्यायला जवळपास एवढीच शक्ती लागते. म्हणजे गाडीत विनाकारण बसलेली दोन-तीन माणसे उतरवली, की सायलेन्सर न कापताच तो सगळा फायदा पदरात पडतो!

"मग सर, रेसच्या गाड्यांना मोठ्या नळ्या का असतात?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. इथे ध्वनीचा पाठ उपयोगी पडतो. झडप उघडताच दाबाचा एक धक्का नळीतून धावतो. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मीटर असतो. नळीच्या उघड्या टोकाशी हा धक्का परावर्तित होतो, पण उलटा होऊन. संपीडन गेले, विरलन परत आले. बासरीच्या उघड्या टोकाशी हेच घडते. हे विरलन झडप मिटण्याआधी नेमके परत पोचले, तर सिलिंडरमधला उरलासुरला जळका वायू ते ओढून काढते. नळी एक मीटर असेल तर जायला-यायला दोन मीटर, म्हणजे सुमारे साडेतीन सहस्रांश सेकंद. हा वेळ ठरलेला आहे, पण तेवढ्या वेळात इंजिन किती फिरते ते त्याच्या वेगावर अवलंबून आहे. म्हणून कोणतीही लांबी एका विशिष्ट वेगालाच साथ देते, इतर वेगांना नाही. शर्यतीची गाडी सतत वरच्या वेगात पळते, तिच्यासाठी तसे जुळवता येते. आपली पिकअप माल भरून खालच्या वेगात घाट चढते. आणि टर्बो असला, तर त्याचे चक्र वाटेतच बसलेले असल्याने त्यापुढची नळी कापून हा खेळ साधत नाही.

'इंजिनाला थोडा उलटा दाब लागतोच' असेही काही मिस्त्री सांगतात. तेही पूर्ण खरे नाही. उलटा दाब कोणत्याच इंजिनाला हवासा नसतो. पण नळी फार रुंद केली तर वायूचा वेग मंदावतो, लाटांचे जुळलेले गणित बिघडते आणि खालच्या वेगातली ओढ कमी होऊ शकते. त्याला लोक उलट्या दाबाची गरज समजतात.

मग गाडी जोरात पळते असे का वाटते?

कारण ती जोरात ओरडते. चार सिलिंडरचे इंजिन ३००० फेऱ्यांना सेकंदाला १०० धक्के नळीत सोडते. सायलेन्सरमधील कप्पे, भोकांच्या नळ्या आणि काचेचा कापूस मिळून ते धक्के शमवतात. काही लाटा परावर्तित होऊन एकमेकींना मारतात, काहींची उष्णता होते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ठरावीक सूर निघतो. तशाच पोकळ्या सायलेन्सरमध्ये ठरावीक सूर गिळण्यासाठी ठेवलेल्या असतात. अमेरिकेतील रीव्हज बंधूंनी अशा उपकरणाचे पेटंट १८९७ साली घेतले. मोटार रस्त्यावर आली तेव्हापासूनच तिचा आवाज माणसाला नकोसा होता, असा याचा अर्थ.

हे सारे काढले की आवाज वाढतो आणि कान मनाला सांगतो, वेग वाढला. म्हणून मोजमाप हवे. आमच्या विद्यार्थ्याला तोच अभ्यास दिला. महिनाभर प्रत्येक फेरीचे किलोमीटर, माल आणि भरलेले डिझेल वहीत लिहायचे. टाकी दर वेळी काठोकाठ भरून हिशेब करायचा. त्याच वाटेवर, तेवढ्याच मालाच्या दोन फेऱ्यांत किती फरक पडतो ते पाहायचे. काहीही न बदलता फेरीफेरीत पाच टक्क्यांचा फरक पडत असेल, तर दोन टक्क्यांचा फायदा झाला असे एका फेरीवरून कोणी कसे म्हणावे? मोजमापातील चढउतार म्हणजे काय हे शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

अडथळे तिथे कशासाठी आहेत?

आतापर्यंत आपण अडथळा म्हणजे नुकसान असे धरले. पण फिल्टर आणि सायलेन्सर इंजिनाच्या वाटेत उगाच बसवलेले नाहीत.

आपल्या कच्च्या रस्त्यांवरच्या धुळीत सिलिका असते, म्हणजेच काचेच्या जातीचे कण. ते लोखंडापेक्षा कठीण असतात. दट्ट्याची कडी आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा थर काही मायक्रॉनचाच असतो. त्यात हे कण शिरले की कानशीने घासावे तसे दोन्ही झिजतात. चाळणीची भोके मोठी केली की पीठ लवकर चाळले जाते, पण कोंडाही खाली येतो. हवा सहज सोडणारा फिल्टर धूळही सोडू शकतो. भारीचा म्हणून तेल लावलेल्या कापडाचा फिल्टर घेतला आणि धुतल्यावर त्याला तेल जास्त लागले, तर ते पुढे जाऊन हवा मोजणाऱ्या संवेदकावर बसते आणि संगणकाला चुकीचा आकडा मिळतो. हवेत एक टक्का मिळवण्यासाठी इंजिनाचे आयुष्य घालवणे हा सौदा धंद्याच्या गाडीला परवडणारा नाही.

बाहेरच्या वाटेवरचे अडथळे तर आपल्या सर्वांसाठी आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत सामान्यतः काजळी पकडणारा सूक्ष्म जाळीचा फिल्टर असतो. मधमाशांच्या पोळ्यासारखी चिनी मातीची ही वीट असते. तिच्या नळ्या आळीपाळीने एकेका टोकाला बंद केलेल्या असतात. त्यामुळे वायूला सच्छिद्र भिंतीतून झिरपावे लागते आणि काजळी मागे राहते. 'मोकळा सायलेन्सर' करताना कित्येकदा हीच वीट फोडून बाहेर काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करतो असे जाहीर केले. तो धूर आधी कुणाच्या छातीत जातो? गाडीच्या मागे सायकलवरून शाळेत येणाऱ्या मुलांच्या.

एकट्या गाडीने काय होणार, असे वाटेल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० साली याचा अंदाज काढला. आधीच्या सुमारे दहा वर्षांत तिथल्या साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपच्या मालकांनी धूर स्वच्छ करणारी यंत्रणा काढून टाकली होती. या गाड्यांमुळे होणारे जादा प्रदूषण नियमात बसणाऱ्या नव्वद लाख पिकअप रस्त्यावर नव्याने आणण्याइतके आहे, असे त्या संस्थेने म्हटले. साडेपाच लाख आणि नव्वद लाख, या दोन संख्यांचा भागाकार मुलांना करू द्या. एक बिघडवलेली गाडी म्हणजे सोळा गाड्यांची भर.

कायदाही याच बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील आणि उत्पादकाची मूळ रचना यांत तफावत पडेल असे बदल गाडीत करता येत नाहीत. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १२० व्या नियमाप्रमाणे आवाज शक्य तेवढा कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. आणि २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनी शाळांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून ठरवण्याची तरतूद केली आहे. तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. खिडकीबाहेरून मोकळ्या सायलेन्सरची गाडी गेली की आपले वाक्य अर्ध्यावर तुटते, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही?

दादाला काय सांगायचे?

दोन तासांनंतर मुलांनीच उत्तर तयार केले. ते असे: कारखान्यातून आलेल्या धडधाकट गाडीची वाट मोकळीच असते, तिच्यात एक-दोन टक्क्यांपलीकडे मिळण्यासारखे फारसे नसते. पण जुन्या गाडीची वाट तुंबलेली असू शकते. फिल्टर धुळीने भरलेला, रबरी नळी चिरलेली, टर्बोपासूनची पकड ढिली, शेपटीची नळी दगडावर आपटून चेपलेली. ही खरी अडचणीची जागा, म्हणजे आपल्या प्रयोगातली रिफिल. ती शोधून मूळच्यासारखी केली तर हरवलेली शक्ती परत येते, आणि त्याला पंधरा हजार लागत नाहीत. भरलेली गाडी चढावर काळा धूर ओकत असेल, तर हवा कमी पडत असण्याची शक्यता आधी तपासावी. त्याबरोबर चाकातली हवा, विनाकारण वाहिले जाणारे वजन आणि चालकाचा पाय या तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे.

"म्हणजे सर, नवीन काही बसवायचं नाही, आहे तेच नीट करायचं." मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला. अगदी बरोबर. फक्त त्याआधी मोजायचे, आणि नीट केल्यावर पुन्हा मोजायचे.

वर्गासाठी काही प्रश्न

१. एक लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्या घेते. ते मिनिटाला किती लिटर हवा ओढेल? तेवढी हवा स्वस्थ बसलेल्या किती माणसांना पुरेल?

२. सरळ नळीतील जोरदार प्रवाहात दाबातली घट साधारणपणे व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. व्यास ५० मिलिमीटरचा ६० केला तर घट किती टक्के उरेल? (उत्तर सुमारे ४०.) मग सगळ्या वाटेचा अडथळा तेवढाच कमी होईल का? का नाही?

३. हिवाळ्यात पहाटे १० अंश आणि मे महिन्यात दुपारी ४० अंश तापमान असेल, तर हवेच्या घनतेत किती टक्के फरक पडेल? गाडी पहाटे चांगली ओढते असे चालक म्हणतात. त्यात तथ्य असेल का?

४. घरातली किंवा शेजारची एखादी गाडी निवडा. महिनाभर इंधनाची वही ठेवा. काहीही न बदलता आकडे किती खालीवर होतात, ते आलेखावर मांडा.